आर्बिट्रेशनला घरचेच वकील द्यावेत की त्यातला अनुभवी वकील शोधावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमध्ये इलेक्ट्रिकल कामांची छोटी फर्म, एका मोठ्या कंत्राटदाराकडे सब-कॉन्ट्रॅक्टवर काम केलं, फायनल बिल आणि रिटेन्शन (हमी म्हणून बिलातून राखून ठेवलेली रक्कम) धरून साधारण ६० लाख अडकलेत. वर्क ऑर्डरमध्ये आर्बिट्रेशनचं (वाद कोर्टाऐवजी लवादापुढे सोडवण्याचं) कलम आहे, सीट (आर्बिट्रेशनचं कायदेशीर ठिकाण) मुंबई. कंपनीनं स्वतःच आर्बिट्रेटर, म्हणजे लवाद, नेमल्याचं पत्र पाठवलंय, शिवाय फोनवर "मेडिएशनला बसू, मिटवून टाकू" (म्हणजे मध्यस्थासमोर तडजोड) असंही चाललंय. घरचे वकील जिल्हा न्यायालयात नावाजलेले. त्यांनाच द्यायचं की वेगळा वकील बघायचा, आणि खर्च किती?

मी वकील नाही. ठेकेदारांच्या बाजूनं क्लेमचे (पैशांच्या मागणीचे) कागद तयार करणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे हिअरिंगला वकिलाच्या शेजारची खुर्ची बहुतेक वेळा माझी असते. तिथून जे दिसतं ते सांगतो.

वकील मिळेपर्यंत एक पथ्य पाळा. कंपनीच्या त्या पत्राच्या तळाशी 'आमची हरकत नाही, सही करून परत पाठवावे' अशी ओळ असेल तर सही करू नका. २०१५ च्या दुरुस्तीनं आर्बिट्रेशनच्या कायद्यात कलम १२(५) (पक्षाशी ठरावीक संबंध असलेला माणूस आर्बिट्रेटर होऊ शकत नाही) आलं आणि २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की निकालात ज्याचा हितसंबंध आहे अशा पक्षानं एकट्यानं एकमेव आर्बिट्रेटर नेमायचा नाही. पण हरकत घ्यायचा हा हक्क वाद उभा राहिल्यावर लेखी सोडून देता येतो, आणि ती ओळ त्यासाठीच असते. हरकत लेखी कळवायची, दोघांना चालेल असं नाव सुचवायचं, आणि ३० दिवसांत एकमत झालं नाही तर आर्बिट्रेटर नेमून द्या, असा कलम ११ खाली मुंबई हायकोर्टात अर्ज. ज्या वकिलाला तुम्ही भेटाल त्यानं हे पत्र बघितल्या बघितल्या त्याबद्दल बोलायला हवं. "बघू, आधी वकीलपत्र करून घेऊ" म्हणाला तर चहा पिऊन निघा.

आता मुख्य मुद्दा. माझं मत सरळ आहे: आर्बिट्रेशन त्यातल्याच माणसाकडे द्या. घरच्या वकिलांच्या हुशारीवर शंका नाही, पण दिवाणी दावा आणि आर्बिट्रेशन यांची चाल वेगळी. इथे दिवाणी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा जसाच्या तसा लागत नाही. दोन्ही बाजूंची कैफियत आर्बिट्रेटरच्या नेमणुकीपासून सहा महिन्यांत पुरी व्हावी आणि त्यानंतर बारा महिन्यांत अवॉर्ड (आर्बिट्रेटरचा निकाल) यावा, अशी कायद्याची मांडणी आहे. दोघांच्या संमतीनं आणखी सहा महिने, त्यापुढे मुदत कोर्टाकडून मागायची. तारीख घेत राहणारा वकील इथे अशिलाच्याच खिशाला भारी पडतो, कारण खोलीचं भाडं, स्टेनो आणि वकिलाची फी प्रत्येक बैठकीला चालूच असते.

सगळ्यात मोठा फरक म्हणजे इथे अपिलाचा भरवसा नाही. 'खाली हरलो तर वर बघू' हा विचार जिल्हा न्यायालयात चालून जातो. आर्बिट्रेशनमध्ये कलम ३४ खाली अवॉर्डला आव्हान देता येतं, पण कारणं मोजकी आहेत. आर्बिट्रेटरनं पुरावा चुकीचा वाचला एवढ्यानं कोर्ट तो पुन्हा तपासत बसत नाही. तीन महिन्यांची मुदत, सबळ कारण असेल तर वर ३० दिवस, बस्स. म्हणजे जे काही सिद्ध करायचं ते त्या टेबलावरच.

त्या टेबलावर काय होतं त्याचा एक नमुना सांगतो. प्लंबिंगच्या सब-कॉन्ट्रॅक्टचा वाद होता, आर्बिट्रेटर निवृत्त न्यायाधीश. एका बाजूचे वकील वयानं, नावानं मोठे. ते उभे राहून समोरच्यांची नियत कशी वाईट, हे ऐकवत होते. न्यायाधीशांनी तीनदा विचारलं, "पान कितवं?" फाइलला अनुक्रमणिकाच नव्हती. ज्युनिअर पानं उलटत बसला. दुपारी समोरच्या बाजूची तरुण वकील उलटतपासणीला आली. तिनं साइट इंजिनिअरसमोर मेजरमेंट बुकचं (साइटवरच्या मोजमापांच्या वहीचं) एक पान ठेवलं. "ही सही तुमची?" "हो." "याच मोजमापावर सातवं आरए (काम चालू असतानाचं) बिल पास केलंत?" "हो." "मोजमाप मान्य नाही, असं इथे कुठे लिहिलंय?" "नाही." ती बसली. पाचेक मिनिटांचं काम, पण त्यामागे मेजरमेंट बुकची प्रत्येक नोंद बिलाशी ताडून पाहिलेली होती. आर्बिट्रेशनचा अनुभव मी याला म्हणतो.

म्हणून पहिल्या भेटीत "किती केसेस जिंकलात?" विचारू नका, त्याचं उत्तर तपासता येत नाही. विचारा की बांधकामाच्या बिलाच्या वादात क्लेम स्वतः लिहिलाय का आणि साक्षीदाराची उलट स्वतः घेतलीय का. काहींचा आर्बिट्रेशनचा अनुभव म्हणजे हायकोर्टात कलम ९ (अंतरिम दिलासा) आणि ११ चे अर्ज चालवणं. तेही महत्त्वाचंच, पण महिनोन् महिने कागदांत बुडून क्लेम चालवणं निराळं. मुंबईत फर्म एक आणि उभा राहणारा वकील (काउन्सेल) दुसरा, अशीही पद्धत आहे. तेव्हा हिअरिंगला नक्की कोण येणार हे नावानिशी ठरवून घ्या. भेटायला सीनिअर आणि टेबलावर कालपरवा सनद मिळालेला मुलगा, असं व्हायला नको.

एक परीक्षेचा प्रश्नही देतो. तुमची उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) या कामाच्या आधीची असेल तर विचारा, "एमएसएमई कायद्याखाली फॅसिलिटेशन काउन्सिलकडे जाता येईल का?" लघुउद्योगांच्या थकलेल्या पैशांचे वाद बघणारी ही सरकारी काउन्सिल. २००६ च्या त्या कायद्यात थकलेल्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज आहे. काउन्सिल आधी समेट घडवायचा प्रयत्न करते, नाहीतर आर्बिट्रेशन. आणि तिच्या अवॉर्डला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. करारात आर्बिट्रेशनचं कलम असलं तरी हा रस्ता बंद होत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये सांगितलंय. अडचण एवढीच की माल आणि मजुरी एकत्र असलेल्या वर्क्स कॉन्ट्रॅक्टला हा कायदा लागतो का, यावर कोर्टांत वाद झालेले आहेत. चांगला वकील तुमची वर्क ऑर्डर मागेल, पुरवठा किती आणि बसवण्याचं काम किती हे बघेल, मग बोलेल. वाचायच्या आधीच ताडकन "हो" किंवा "नाही" म्हणणाऱ्यापासून सावध.

"वसुलीच्या दहा टक्के द्या, बाकी काही नको" असं कोणी म्हटलं तरीही सावध. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा वसुलीत वाटा घेणं बार काउन्सिलच्या नियमांत बसत नाही. ड्राफ्टिंगचे किती, प्रत्येक हजेरीचे किती, कॉन्फरन्सचे वेगळे का, हे लेखी घ्या. जमल्यास टप्प्यांवर एकरकमी ठरवा.

आर्बिट्रेटरच्या फीसाठी कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात नमुना दर आहेत. ६० लाखांच्या क्लेमला ९७,५०० अधिक २० लाखांवरच्या रकमेचे ३ टक्के, म्हणजे २,१७,५००. एकच आर्बिट्रेटर असेल तर वर २५ टक्के, म्हणजे २,७१,८७५. साधारणपणे निम्मे तुमचे. पण कंपनीनं आपला वाटा भरला नाही तर तो तुम्हाला भरावा लागू शकतो, नाहीतर काम थांबतं. कंपनी एलडी (उशिराची भरपाई) किंवा बॅकचार्जेसचा (तुमच्या नावे टाकलेल्या खर्चाचा) काउंटरक्लेम, म्हणजे उलट मागणी, टाकणार हे गृहीत धरा, त्याची फी वेगळी लागते. पूर्ण रकमेची सोय डोक्यात ठेवूनच उतरा.

मेडिएशनबद्दल मात्र माझं मत थोडं उलटं आहे. तिथे घरच्या वकिलांना सोबत न्या. मेडिएटर निकाल देत नाही. तो दोघांना वेगवेगळं बसवून कोण कुठपर्यंत येऊ शकतं हे चाचपतो. तिथे गरज असते तुमची खरी गरज जाणणाऱ्या माणसाची. मुलीचं लग्न दिवाळीत आहे, बँकेचा हप्ता थकलाय, ५० लाख उद्या मिळणं हे ६५ लाख तीन वर्षांनी मिळण्यापेक्षा बरं, हे घरच्या वकिलांना सांगावं लागत नाही. आणि तिथे वकिलानं कमी बोलावं, अशिलाला बोलू द्यावं. तिथलं बोलणं पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही, त्यामुळे आकडा उच्चारायला घाबरू नका.

तडजोडीचा मसुदा मात्र आर्बिट्रेशनच्या वकिलाच्या नजरेखालून गेलाच पाहिजे. रक्कम जीएसटीसह की वगळून, टीडीएस कापून की वर, रिटेन्शन त्यात धरलंय का, बँक गॅरंटी परत कधी, हप्ता चुकला तर काय, या पाच ओळींवर मिटलेलं भांडण पुन्हा पेटतं. आर्बिट्रेशन सुरू झाल्यावर मिटलं तर कलम ३० खाली त्याचा कन्सेंट (संमतीचा) अवॉर्ड करून घ्या. पैसे थकवले तर त्याची थेट अंमलबजावणी मागता येते, नव्यानं दावा लावावा लागत नाही.

आणि "बसू, मिटवू" हे फोनवर ऐकत राहिल्यानं क्लेम लावायची मुदत थांबत नाही. पैसे देय झाल्यापासून तीन वर्षं धरायची. आर्बिट्रेशन सुरू झालं असं मानतात ते तुमची कलम २१ ची (वाद आर्बिट्रेशनला न्यावा, अशी) नोटीस समोरच्याला मिळाली त्या दिवसापासून. ती अजून गेली नसेल तर फायनल बिलाची तारीख आजच शोधा. वकिलाकडे जाताना वर्क ऑर्डर, सगळी आरए बिलं, मेजरमेंट बुकच्या प्रती, ईमेल आणि कंपनीचं ते पत्र पाकिटासकट न्या. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का फाडून टाकू नका.