टुक टुक करणारा सापडतच नाही!

प्रश्न : नमस्कार ताई, समोरच्या झाडातून सकाळी सातपासून टुक टुक टुक असा एकसारखा आवाज चालू असतो, मी आणि लेक मान दुखेपर्यंत शोधतो पण काही दिसत नाही, कधी उजवीकडून वाटतो कधी डावीकडून. कोण असेल? आणि गुलमोहराच्या प्रत्येक फुलात एक पाकळी पांढरट का असते, रोग आहे का काही?

उत्तर : अहो हा तांबट! तांब्याच्या भांड्यावर ठोके पडल्यासारखा आवाज म्हणून हे नाव. तुमचं काही चुकत नाहीये, तो ओरडताना मान इकडून तिकडे फिरवतो त्यामुळे आवाजाची दिशा बदलल्यासारखी वाटते, शिवाय अंग हिरवं, पानांत बसला तर संपलंच. तर पानांत शोधूच नका, शेंड्याची उघडी वाळकी फांदी बघा, सकाळच्या उन्हात तो बरेचदा तिथेच बसलेला असतो. चिमणीपेक्षा जरासा मोठा, कपाळ लाल, गळ्याखाली लाल पट्टा, डोळ्याभोवती पिवळं. दुर्बीण असेल तर गळा बघा, चोच बंदच असते आणि प्रत्येक टुकला गळा फुगतो, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा कितीतरी वेळ हललेच नाही तिथून.

गुलमोहराला रोग वगैरे काही नाही. पाच पाकळ्यांतली चार लाल आणि पाचवी पांढरट-पिवळट, तिच्यावर लाल रेघा आणि ठिपके, ही मधाकडे जायची खूण असते कीटकांसाठी. खाली पडलेलं ताजं फूल लेकीच्या हातात द्या आणि तिलाच ती पाकळी शोधू दे.

जवळपास बहावा असेल तर तो अजिबात सोडू नका. त्याच्या फुलात दहा पुंकेसर असतात पण सगळे सारखे नाहीत, तीन चांगले लांब आणि वाकडे, बाकीचे आखूड. मोठा काळा भुंगा येऊन आखूड पुंकेसरांना धरतो आणि अंग थरथरवून पराग पाडतो, तेव्हा त्याचा गुं आवाज एकदम बदलतो, आणि तेवढ्यात लांब पुंकेसरांचा पराग त्याच्या अंगाला लागून दुसऱ्या फुलापर्यंत जातो. पाच मिनिटं गप्प उभं राहिलात तर नक्की ऐकू येईल. पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर औषध मारायची घाई करू नका प्लीज, बहुतेक त्या फिकट पिवळ्या-हिरवट फुलपाखरांच्या असतात, पानं परत फुटतात.

एक विनंती मात्र मनापासून. पावसाळ्याआधी फांद्या छाटायला माणसं येतात आणि पहिली कुऱ्हाड वाळक्या फांदीवरच पडते. तांबट घरटं करतो ते अशाच मेलेल्या फांदीत, चोचीने भोक कोरून, आणि भोक बरेचदा फांदीच्या खालच्या बाजूला असतं म्हणून वरून दिसत नाही. छाटणीआधी खालून नीट बघा, गोल भोक दिसलं आणि नर-मादी ये-जा करत असतील तर पिल्लं उडेपर्यंत तेवढी फांदी राहू द्या, कोणाच्या डोक्यावर पडण्यासारखी नसेल तर. सोसायटीत आत्ताच सांगून ठेवा, कापायच्या दिवशी कोणी ऐकत नाही.