बायबल काटेकोरपणे मानणारे ख्रिस्ती लोक बुरसटलेलेच असतात का?
नाही. पुण्यातल्या कॅम्प भागातल्या आमच्या ऑफिसात एक ख्रिस्ती सहकारी रविवारी काम घेत नाही, पार्टीत दारूला शिवत नाही. लगेच शिक्का: 'कट्टर!' चातुर्मास पाळणाऱ्या काकूंचं मात्र आपल्याला कोण कौतुक.

पंडिता रमाबाई बघा. ख्रिस्तावर अढळ श्रद्धा, सगळी भिस्त प्रार्थनेवर. आणि त्यांनीच १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या निराधार मुली-बायकांना आणून केडगावला आसरा दिला. (धर्मांतरावरून पुण्यात त्यांच्यावर टीकेची झोड उठली होती, तो वाद वेगळा.)

गर्भपात, समलिंगी विवाह यांवरची मतं पटत नसतील तर खुशाल वाद घाला. पण आधी त्या सहकाऱ्याला त्याचं मत विचारा तरी! अमेरिकेतल्या निवडणुकीत तिथले ख्रिस्ती मतदार काय म्हणतात याच्या बातम्या वाचून पुण्यातल्या माणसाचं मत ठरवायचं म्हणजे अजबच.