दिवाळीचा लॅपटॉप आणि मार्चएंडची पॉलिसी

जळगाव, मार्च २०२६

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तू व्हॉट्सॲपवर पाठवलेले ४३ फोटो मिळाले. पेट्रोलच्या पावत्या, लॅपटॉपचं बिल, इन्व्हर्टरचं बिल, पुण्याची तिकिटं, आणि शेतातल्या भरीत पार्टीचा हिशेबसुद्धा! वांगी, तेल, कळण्याच्या भाकरी करणाऱ्या मावशींची मजुरी. खाली तुझा एका ओळीचा प्रश्न, "काका, यातलं काय काय वजा होईल?" फोनवर सांगितलं असतं तर निम्मं तू विसरली असतीस आणि निम्मं सांगायचं मी विसरलो असतो. म्हणून लिहितोय.

भरीत पार्टीचं आधी निकालात काढतो. पुण्याचे साहेब जेवायला होते हे खरं, पण तुझे मामा, मावशी आणि अर्धी गल्लीही होती. ती घरची पार्टी. तो कागद मी बाजूला काढला आहे.

बाकीच्या कागदांना हात लावण्याआधी एक गोष्ट समजून घे. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत तू नोकरदार होतीस आणि ऑक्टोबरपासून व्यावसायिक झालीस. तुझे वडील सगळ्यांना सांगतात, "पोरीला पुण्याच्या कंपनीत लाखाचा पगार." तो पगार नाही. तुझ्या करारात 'कन्सल्टंट' लिहिलंय, पीएफ कापला जात नाही, आणि दर महिन्याला १०% टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापून ९०,००० खात्यात येतात. कंपनी तुला पगारदाराचा कर-दाखला, म्हणजे फॉर्म १६, देणार नाही, बिनपगारी रकमेचा १६ए देईल. हल्ली कित्येक पोरं अशी कामाला लागतात आणि रिटर्न भरताना ती रक्कम पगाराच्या रकान्यात टाकून मोकळी होतात. मग २६एएसमध्ये, म्हणजे तुझ्या पॅनवर कापलेल्या कराच्या सरकारी उताऱ्यात, एक दिसतं, रिटर्नमध्ये दुसरं, आणि रिफंड अडकतो.

कामाचा खर्च वजा होतो की नाही, हे या फरकावरच ठरतं. पहिल्या सहा महिन्यांत रावेर, सावदा, फैजपूरकडच्या केळीबागा पालथ्या घालताना तू स्वतःच्या खिशातून साधारण २४,००० रुपयांचं पेट्रोल जाळलंस. त्यातला एक रुपयाही वजा होणार नाही. पगारदाराने कामासाठी खरंच किती खर्च केला हे कायदा विचारत नाही. सगळ्यांना सरसकट एक प्रमाणित वजावट मिळते, कर मोजायच्या दोन पद्धतींपैकी नव्या पद्धतीत ७५,००० आणि जुन्या पद्धतीत ५०,०००. नोकरी सहाच महिने केली म्हणून ती निम्मी होत नाही, हा त्यातला दिलासा. मला ही व्यवस्था न्याय्य वाटत नाही. एसीत बसणाऱ्याला ७५,००० आणि एप्रिलच्या उन्हात गाडी हाकणाऱ्यालाही ७५,०००. पण ते पेट्रोल तुझ्या कंपनीने बिलं घेऊन भरून दिलं असतं, तर त्या रकमेवर तुला कर लागला नसता. नव्या पद्धतीतसुद्धा नाही. पुन्हा कधी फिरतीची नोकरी घेतलीस तर पगार ठरवतानाच हे बोलून घे.

आता ऑक्टोबरनंतरचं. सहा महिन्यांची फी ६,००,०००. इथे खर्च वजा करता येतो. आणि इथेच तुझ्या मैत्रिणीने तुला चुकीचं सांगितलंय. "नव्या पद्धतीत काहीच वजा होत नाही" हे विमा, पीपीएफ, घरभाडं यांच्याबाबत खरं. धंद्याचा किंवा व्यवसायाचा खर्च दोन्ही पद्धतींत वजा होतो, कारण तो वजा केल्याशिवाय नफा म्हणजे काय हेच कळत नाही.

लॅपटॉपचं बघ. ८०,००० चा आहे म्हणून तू ८०,००० वजा धरलेस. तो खर्च नाही, मालमत्ता आहे, तिचा घसारा मिळतो, म्हणजे किमतीचा ठरावीक भाग दरवर्षी वजा होतो. संगणकाला वर्षाला ४०%. पण तू घेतलास दिवाळीला. वर्षभरात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला की घसारा निम्मा, म्हणजे २०%, म्हणजे १६,०००. ३ ऑक्टोबरपर्यंत घेऊन वापरायला काढला असतास तर ३२,००० मिळाले असते. पाडव्याच्या मुहूर्ताची ही किंमत! वडिलांना हे सांगू नकोस. पैसे कसे दिलेस तेही कळव. एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिली असेल तर ती रक्कम किमतीत धरलीच जात नाही, आणि मग घसाराही नाही. माझ्या स्वतःच्या ऑफिसच्या कपाटाचं असंच झालं. दुसऱ्यांना शिकवणारा मी, आणि सुताराला रोखीने मोजून दिले.

इन्व्हर्टरचं बिल वडिलांच्या नावावर आहे आणि त्यावर अख्खं घर चालतं, फ्रीजसकट. सोडून दे. इंटरनेट आणि मोबाइलचं जेवढं कामाला लागतं तेवढंच घे. पुण्याच्या तीन फेऱ्या आणि सॉफ्टवेअरचं भाडं पूर्ण घे. सगळं मिळून मी ४५,००० पर्यंत पोहोचतो.

आता तो '४४एडीए', म्हणजे ठरावीक व्यवसायांना वह्यांशिवाय हिशेब करू देणारं आयकर कायद्याचं कलम. तुझ्या कामाला ते लागू होतं, संगणक क्षेत्र त्या व्यवसायांच्या यादीत आहे. वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल तर अर्धी रक्कम उत्पन्न धरायची, अर्धी खर्च समजायची, वह्या दाखवायच्या नाहीत. जमेत रोख ५% पर्यंतच असेल तर ही मर्यादा ७५ लाख. खर्च ४५,०००, आणि वजा मिळतात ३,००,०००! ऐकून कुणाचेही डोळे चमकतील.

पण थांब, आधी कर लागतो का ते बघू. पगार १,८०,०००, त्यातून ७५,००० गेले, राहिले १,०५,०००. फी ६,००,००० मधून खरा खर्च ४५,००० गेला, राहिले ५,५५,०००. एकूण ६,६०,०००. या वर्षी (२०२५-२६) नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर रिबेट, म्हणजे करात सूट, मिळून कर शून्य. अर्धं धरलंस तरी शून्य, खरं धरलंस तरी शून्य. ४३ फोटोंची सगळी मेहनत, आणि उत्तर तेच. कापलेले ६०,००० तुला परत मिळायचे आहेत.

म्हणून माझं मत असं की खरा आकडाच लिही. ४४एडीएमध्ये अर्ध्याहून जास्त उत्पन्न दाखवायला मनाई नाही, कलमातच तशी सोय आहे. कर तोच, फॉर्म तोच आयटीआर ४. उद्या जळगावात फ्लॅट बघशील तेव्हा बँकेचा माणूस आधी तीन वर्षांचे रिटर्न मागेल, आणि तिथे अर्धं धरून येणाऱ्या ४ लाखांपेक्षा साडेसहा लाख दिसलेले बरे. पुढे फी वाढली की हा प्रश्न खरा होईल. समज, वर्षाची फी १८ लाख आणि खर्च ३ लाख. खरा हिशेब धरला तर १५ लाखांवर या वर्षीच्या दराने १,०९,२०० कर, अर्धं धरलं तर शून्य. तेव्हा आपण समोरासमोर बसून बोलू. तोपर्यंत साधी वही ठेव. अर्ध्याहून कमी नफा दाखवायची वेळ आली तर ऑडिट मागे लागतं, आणि तेव्हा आठवणीतून वही लिहिता येत नाही.

मार्चएंड आहे म्हणून तो विमावाला घरी येऊन बसतो असं तू लिहिलंयस. ४०,००० हप्त्याची पॉलिसी घे, जुनी पद्धत निवड, टॅक्स वाचेल. मी करून पाहिलं. खरं उत्पन्न धरून जुन्या पद्धतीने, ५०,००० आणि पगारातून कापलेल्या व्यवसाय कराचे १,२०० वजा करून, त्याची पॉलिसीही वजा करून, सेससकट कर येतो ४२,९१०. वजावटीच्या मर्यादेइतके पूर्ण दीड लाख गुंतवलेस तरी २०,०३०. म्हणजे शून्याचे वीस हजार करायला आधी दीड लाख अडकवायचे. विमा हवा असेल तर साधा टर्म विमा घे, तो वेगळा विषय. शिवाय तू आता व्यावसायिक आहेस. पगारदार दरवर्षी पद्धत बदलू शकतो, तुला जुनीत जायला १०-आयईए फॉर्म मुदतीत भरावा लागेल, आणि एकदा नव्या पद्धतीत परत आलीस की व्यवसायाचं उत्पन्न असेपर्यंत जुनीचा रस्ता बंद. हे त्याने तुला सांगितलं नाही, कदाचित त्यालाही माहीत नसेल.

वडिलांचा सल्लाही तू दबक्या अक्षरांत लिहिलायस, "थोडी रक्कम केळीची दाखवून टाक." आपल्या भागात हे सर्रास चालतं म्हणून मला नवल वाटत नाही. पण सातबारा वडिलांच्या नावावर आहे, तुझ्या नावाने एक घडही विकला गेलेला नाही, आणि कंपनीने टीडीएस कापून तुझ्या पॅनवर प्रत्येक रुपयाची नोंद केलीय. वर कर शून्य असताना खोटं कशासाठी? ५,००० च्या वर शेतीचं उत्पन्न लिहिलंस की आयटीआर ४ सुद्धा चालत नाही.

उरलेलं थोडक्यात. व्यवसाय कराची तुझी स्वतःची नोंदणी करावी लागेल, वर्षाला २,५००, ती मी करून देतो. १ एप्रिलपासून नवा आयकर कायदा लागू होतोय, कलमांचे आकडे बदलतील. या वर्षाचा हिशेब मात्र १९६१ च्याच कायद्याने होईल, त्यामुळे घाबरू नकोस. रिटर्नची घाईही नको, शेवटच्या तिमाहीचा टीडीएस २६एएसमध्ये दिसायला आणि १६ए हाती यायला जूनचा मध्य उजाडेल.

आखाजीला येशीलच. येताना पुण्याच्या कंपनीचा करार, बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट आणि लॅपटॉपचं मूळ बिल घेऊन ये. फोटोत त्यावरचं नाव वाचता येत नाहीये.

तुझा,
काका