टी-२ वरून सोलापूर: संध्याकाळच्या विमानाला कोणती गाडी?

आई-वडील दुबईहून संध्याकाळी साडेपाचला मुंबई विमानतळाच्या टी-२ (टर्मिनल २) वर उतरणार, दोघंही सत्तरीचे, सोबत चार बॅगा; पुढे सोलापूरला वंदे भारत, सिद्धेश्वर एक्सप्रेस की ट्रॅव्हल्स, असा तुमचा प्रश्न आहे. सिद्धेश्वरच घ्या, आणि चढायचं स्टेशन दादर न ठेवता सीएसएमटी ठेवा.

वंदे भारत सीएसएमटीहून दुपारी चारच्या सुमारास सुटते, म्हणजे तुमच्या विमानाला ती लागतच नाही. सकाळी दहा-अकरापर्यंत उतरणाऱ्यांसाठी ती उत्तम.

हिशेब विमान टेकल्यापासून करू नका, बॅगा हातात आल्यापासून करा. इमिग्रेशन, बेल्ट आणि कस्टम यात दीड-दोन तास सहज जातात, म्हणजे बाहेर पडायला सात-साडेसात. तिथून सीएसएमटीला टॅक्सीने संध्याकाळच्या गर्दीत तास-दीड तास. नऊपर्यंत स्टेशन गाठलं तरी सिद्धेश्वर सुटायला दीड तासाहून जास्त उरतो. ती साडेदहानंतर निघते. विमान तासभर लेट झालं तरी निभावतं.

ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ टी-२ वरून थेट सीएसएमटीपर्यंत जाते, गाडी बदलावी लागत नाही. एकटा माणूस, एक बॅग असेल तर मीही हेच सुचवेन. पण चार बॅगा आणि दोन वयस्क माणसं असताना भुयारी स्टेशनांतली चढउतार नको. टर्मिनलमधल्या काउंटरवरून प्रीपेड टॅक्सी करा आणि चालकाला पी. डिमेलो रोडच्या बाजूला सोडायला सांगा. लांब पल्ल्याच्या गाड्यांचे फलाट त्याच अंगाला आहेत.

दादर नकाशावर जवळ दिसतं म्हणून बरेच जण तिथलं तिकीट काढतात आणि फसतात. तिथे गाडी जेमतेम दोन-तीन मिनिटं थांबते. मध्य रेल्वेच्या फलाटांचे क्रमांक डिसेंबर २०२३ मध्ये बदलून ८ ते १४ झाले, त्यामुळे जुन्या आठवणीवर गेलात तर भलत्याच फलाटावर उभे राहाल. डबा पुढेमागे आला की बॅगा ओढत पळापळ. सीएसएमटीला गाडी तिथूनच सुटते, आधी लागते, आणि रस्त्यापासून फलाटापर्यंत जिना चढावा लागत नाही. आई-वडिलांच्या गुडघ्यांसाठी एवढी एक गोष्ट पुरे आहे.

हैदराबादकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाड्याही सोलापूरला थांबतात, पण तिथे पहाटे झोपेत उतरण्याची धास्ती असते. सिद्धेश्वर सोलापूरलाच संपते, सकाळी सातच्या आसपास. निवांत झोपू द्या त्यांना.

तिकीट ६० दिवस आधी उघडतं. बुकिंग करताना लोअर बर्थ / ज्येष्ठ नागरिक कोटा निवडा. तो एका तिकिटावर दोघांनाच मिळतो, म्हणून तिसऱ्या माणसाचं तिकीट वेगळं काढा. ऑनलाइन वेटिंगवर विसंबू नका. चार्ट झाल्यावरही वेटिंगच राहिलं तर तिकीट आपोआप रद्द होतं. आरएसीवर (म्हणजे अर्ध्या बर्थच्या तिकिटावर) चढता येतं, पण बर्थ मिळेपर्यंत दोघांना एकाच बाकावर बसून काढावं लागतं. या वयात ते नको. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, एसीसाठी सकाळी १० ला. चढायचं स्टेशन बदलायचं असेल तर आधीच बदला. तिकिटावरच्या स्टेशनवर माणूस दिसला नाही की टीसी बर्थ दुसऱ्याला देऊ शकतो.

आता विमान फारच लेट झालं तर? रात्री नऊ वाजेपर्यंत टर्मिनलबाहेर पडता आलं नाही, तर दक्षिणेकडे धावू नका. सायन, चेंबूर, वाशी, कळंबोली या रस्त्याने ट्रॅव्हल्सच्या गाड्या जातात. आधी फोन करून नेमकं कुठल्या वळणावर थांबायचं ते विचारून घ्या. सोलापूरला कुठे उतरवणार तेही पक्कं करा, कारण पुढे हैदराबादला जाणाऱ्या काही बस गावात न येता हायवेवरच उतरवतात, आणि भल्या पहाटे तिथे रिक्षा मिळणं कठीण. सोलापूरलाच संपणारी, गावातल्या सात रस्त्यापर्यंत येणारी बस घ्या.

मध्यरात्रीनंतर उतरणाऱ्यांना मेट्रोही नाही आणि सिद्धेश्वरही गेलेली. त्यांनी पुण्यापर्यंत टॅक्सी करून सकाळची इंद्रायणी एक्सप्रेस पुण्याहून पकडावी. पंढरपूर, बार्शीकडच्यांनी सोलापूरपर्यंत न येता कुर्डुवाडीलाच उतरावं. गाड्यांच्या वेळा तिकीट काढताना एकदा ताज्या बघून घ्या.