दीड फुटाच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये कोरल ठेवायचे आहेत. परवडणारा लाइट कोणता? स्वस्त लाइटवर कोरल मरतात म्हणे, खरं आहे का?

प्रश्नाचा पहिला भाग वाचून मी पुढे गेलो असतो, पण त्या शेवटच्या वाक्याने थांबवलं. हे वाक्य मी इतकी वर्षं आमच्या दाजींच्या तोंडून ऐकतोय. लग्नात ऐकलंय, बारशात ऐकलंय, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत ऐकलंय.

नाही मरत. माझे मेले ते माझ्या घाईने.

मी सांगलीत, विश्रामबागला राहतो. २०१८ मध्ये दीड फुटी टँक लावला, उंची जेमतेम फूटभर. मीठ, खडक, पंप, आरओ यातच पैसे संपले आणि लाइटसाठी साडेचार हजार उरले. दाजी पुण्याचे. त्यांच्याकडे मोबाइलवर चालणारा परदेशी लाइट, त्याच्या किमतीत माझी जुनी स्प्लेंडर आली असती. ते म्हणाले, वर्षभर थांब, पैसे साठव. मी कसला थांबतोय! ऑनलाइन मिळणारा तो एलईडी लाइटचा काळा चौकोनी डबा मागवला. निळा आणि पांढरा असे दिव्यांचे दोन गट, म्हणजे चॅनेल, दोन नॉब आणि घरघर करणारा पंखा.

डबा पाण्यापासून वीतभर वर टांगला आणि दोन्ही नॉब फुल्ल पिळले. म्हटलं, पैसे वसूल. रात्री खिडकीतून असा निळा उजेड पडला की समोरच्या काकू विचारायला आल्या, घरी डीजे आणलाय का.

चौथ्या दिवशी झोआंनी, म्हणजे झुपक्याने वाढणाऱ्या फुलांसारख्या कोरलनी, तोंडं मिटली ती उघडलीच नाहीत. मश्रूम कोरल ओल्या पापडासारखा आकसला. आठवड्याभरात नारिंगी झोआ भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दिसायला लागले. नेमके त्याच वेळी ताई-दाजी भाऊबीजेला आले. दाजींनी चहाचा कप हातात घेऊनच टँकपुढे मुक्काम ठोकला आणि म्हणाले, "चायना माल. सांगितलं होतं ना?"

मीही मनातून हरलो होतो. ते गेल्यावर टँक आवरायला घेतला. मोठा खडक उचलला तर त्याच्या मागच्या बाजूला, पार सावलीत, त्याच झोआंचे पाच पॉलिप, म्हणजे एकेक फूल, टच्च उघडे. रंग जसाच्या तसा, कडेची हिरवी झालरसुद्धा शाबूत. वसाहत तीच, पाणी तेच, डबाही तोच.

आता मला सांगा, लाइट कमी पडत असता तर आधी कोण गेलं असतं? सावलीतले ना?

कोरलच्या अंगात झूझँथेली नावाचं एकपेशी शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न करतं आणि कोरलला पोसतं. उजेड सोसवेना झाला की कोरल त्या शेवाळालाच बाहेर काढतं आणि पांढरं पडतं. उलट उजेड कमी पडला तर ते तपकिरी होतं आणि झोआ माना लांब करून वर ताणतात. हा फरक दाजींना मी आजवर वीसेकदा सांगितलाय.

मग तासगावच्या आतेभावाकडून द्राक्षाच्या रोपवाटिकेतला शेडनेटचा तुकडा आणला आणि दुहेरी घडी करून टँकवर ताणला. डबा दीड फुटावर उचलला, निळा निम्म्यावर, पांढरा जेमतेम पेटेल इतका ठेवला. दहा दिवसांनी एक पदर काढला, आणखी दहा दिवसांनी दुसरा. त्यानंतर नॉब महिनाभर नखभर नखभर वाढवला. त्या पाचांचे पुढच्या वर्षी तीसच्या वर झाले.

तुमच्या लाइटचं म्हणाल, तर तोच दोन चॅनेलचा काळा डबा घ्या, किंवा त्यातला लहान. मात्र निळा आणि पांढरा वेगवेगळा कमी-जास्त करता आला पाहिजे. निळा साधारण ४५० नॅनोमीटरचा हवा, खरं काम तोच करतो. खोक्यावरच्या वॅटला भुलू नका. झोआ, मश्रूम, लेदर (चामड्यासारखं दिसणारं कोरल) यांना ५० ते १५० PAR (शेवाळाच्या कामी येणाऱ्या उजेडाचं माप) पुष्कळ होतो. मोबाइलमधलं लक्स अॅप निळ्या उजेडाला धड मोजत नाही, त्यामुळे आकड्यावर विसंबू नका. या डब्यांच्या भिंगांमुळे उजेड मधोमध एकवटतो. सुरुवातीला कोरल तळाशी आणि कडेला ठेवा. साधा टायमर लावून रोज आठ तास बास. रोपांसाठीचा गुलाबी ग्रोलाइट आणि अंगणातला पांढरा फ्लडलाइट, दोन्ही नको. फ्लडलाइटवर कोरल जगतात, पण खुलत नाहीत आणि काचेवर शेवाळ घासून हात दुखतात.

जुना मेटल हॅलाइड, म्हणजे भयंकर तापणारा दिवा, कोणी फुकट देत असेल तरी घेऊ नका. इथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि टँकला २५ ते २७ अंश हवेत, त्यावर ती भट्टी कशाला? उन्हाळ्यात पाण्यावर छोटा पंखा सोडा आणि आटलेलं पाणी गोड्या आरओने भरा. मीठ आटत नाही.

इन्व्हर्टरवर लाइट नको, पंप घ्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा आमच्या गल्लीत पाणी आलं नाही, पण वीज गेली. अंधारात कोरल दोन-तीन दिवस निभावतात, साचलेल्या पाण्यात नाही. मी बॅटरीच्या एअर पंपावर दिवस काढले. दाजींनी तेव्हा फोन करून लाइटचंच विचारलं होतं.

हे आधी सांगायला हवं होतं: माझं सगळं सॉफ्ट कोरलपुरतं आहे. टँक दोन फूट खोल असेल तर माझा हिशोब चालणार नाही. आणि दगडी कोरल, म्हणजे हार्ड कोरल, कोणी कितीही स्वस्तात देऊ केलं तरी घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. डब्याची वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्या, नाहीतर खारं पाणी वायरवरून ओघळत थेट सॉकेटमध्ये शिरतं.

दाजी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. गेल्या दिवाळीला ताईने डब्यातून नेलेला तो नारिंगी झोआ, जो तुम्ही पाहुण्यांना कौतुकाने दाखवता, तो त्या खडकामागच्या पाचांतलाच आहे.