टीममधल्या सहकाऱ्यांसाठी ‘मानसिक आरोग्य प्रथमोपचार’ शिकावेत का? त्यातून नक्की काय हाती लागतं?

जरूर शिका. तुम्ही लिहिलंय की सहकाऱ्यांचे ताण दिसतात, पण तुम्ही समुपदेशक नाही, त्यामुळे बोलायला कचरता. हे प्रशिक्षण अशाच लोकांसाठी आहे. मी ते घेतलंय. निदान किंवा उपचार करायला तिथे शिकवत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

हा अभ्यासक्रम २००० साली ऑस्ट्रेलियात बेटी किचनर आणि अँथनी जॉर्म यांनी सुरू केला. कुणी बेशुद्ध पडलं तर डॉक्टर येईपर्यंत काय करायचं हे आपण सामान्य माणसाला शिकवतो, मग मन खचलेल्या माणसासाठी तसं का नको, हा त्यामागचा विचार. स्वतःहून विचारपूस करून धोका आहे का ते पाहणं, मतं न लादता ऐकणं, धीर आणि खरी माहिती देणं, तज्ज्ञांकडे जायला सुचवणं, घरच्यांचा किंवा मित्रांचा आधार जोडून देणं, एवढा त्याचा गाभा. क्रम परिस्थितीप्रमाणे बदलतो.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो विचारायचं कसं, याचा. “सगळं ठीक ना?” या प्रश्नाला ऑफिसात “हो” हेच उत्तर येतं. त्याऐवजी जे दिसलं ते सांगून विचारा: “हल्ली तू जेवायला आमच्यात येत नाहीस, मीटिंगमध्येही गप्प असतोस. कसं चाललंय?” हे सगळ्यांसमोर नको, दोघंच असाल तेव्हा, आणि तुमच्याकडे खरंच वेळ असेल तेव्हा. मग गप्प राहा. समोरची शांतता सहन होत नाही म्हणून आपण घाईने सल्ला देतो. “पॉझिटिव्ह विचार कर”, “लोकांना याहून मोठे प्रॉब्लेम असतात” असलं काही ऐकलं की माणूस पुन्हा तोंड उघडत नाही.

आत्महत्येबद्दल मात्र आडून आडून विचारू नये. शंका आली तर थेट विचारायचं: “जीव द्यावा असे विचार मनात येतात का?” विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते ही भीती संशोधनाने खरी ठरवलेली नाही. उत्तर “हो” आलं, तर काही ठरवलंय का, साधन जवळ आहे का, हेही विचारायचं. धोका तातडीचा असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि तातडीची मदत बोलवायची. “कुणाला सांगणार नाही” असं वचन इथे देऊ नका. आत्महत्येबद्दलचा तो थेट प्रश्न पहिल्यांदा विचारताना जीभ अडखळते, म्हणून नुसते व्हिडिओ दाखवणारा कोर्स टाळा. जोडीने सराव करून घेणारा निवडा.

आणखी एक: छातीत दुखणं, धाप लागणं हे पॅनिक अटॅकमध्येही होतं आणि हृदयविकारातही. बाहेरून फरक ओळखता येत नाही. त्या व्यक्तीला पूर्वी असा त्रास झाल्याचं माहीत नसेल तर थेट वैद्यकीय मदत बोलवा.

याच्या मर्यादाही आहेत. प्रशिक्षण घेणाऱ्याचं ज्ञान आणि आत्मविश्वास वाढतो, पूर्वग्रह कमी होतात, असं अभ्यासांत दिसलंय. पण ज्याला मदत केली त्याची तब्येत त्यामुळे सुधारते का, याचे पुरावे अजून तोकडे आहेत. म्हणून कंपनीने चार जणांना कोर्सला पाठवून हात झटकले तर मला राग येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही कामाचा बोजा, वेळा यांसारख्या मूळ कारणांवर उपाय आणि मॅनेजरांचं प्रशिक्षण यांची शिफारस आहे. रोज रात्रीपर्यंत राबवून घेणारा आणि चारचौघांत अपमान करणारा बॉस तसाच राहिला, तर तुम्ही कितीही छान ऐकलंत तरी माणसं खचतच राहणार.

कंपनीतर्फे ही जबाबदारी घेणार असाल तर आधी एचआरला विचारून घ्या: ऐकलेलं कुठे नोंदवावं लागेल का, यासाठी कामाचा वेळ मिळेल का, आणि जड काही ऐकल्यावर मी कुणाशी बोलू? तुम्ही स्वतःच टीमचे मॅनेजर असाल तर अप्रेझल तुमच्या हातात आहे हे तुमची माणसं विसरणार नाहीत. त्यांना बोलायला तुमच्याशिवाय, तुमच्या टीमबाहेरचं कुणीतरी प्रशिक्षित माणूस असेल, एवढं नक्की बघा.