ठिपक्यांची शेवंड: पिल्लू नव्हे, आई

प्रश्न: कॅरिबियन समुद्रात रात्री पाण्याखाली उतरलो असताना प्रवाळाच्या एका कपारीत, छताला उलटी लटकलेली शेवंड दिसली. वीतभरही नसेल. अंगभर पांढरे ठिपके, शेपटीखाली नारिंगी दाण्यांचा गच्च घोस. सोबतचे म्हणाले, मोठ्या शेवंडीचं पिल्लू आहे. खरंच? आणि नांग्याच नाहीत, तर ही जीव कसा वाचवते?

उत्तर: ते दाणे तुम्ही नीट पाहिलेत, याचा मला फार आनंद झाला, कारण उत्तर तिथेच आहे. ती अंडी आहेत. पिल्लू अंडी कशी बाळगेल? तुम्हाला दिसली ती पूर्ण वाढलेली मादी, ‘पॅन्युलिरस गुटॅटस’ जातीची. ही शेवंड वाढून वाढून साधारण २० सेंटिमीटरची होते. त्याच समुद्रातल्या मोठ्या शेवंडीची पिल्लं लहानपणी शेवाळात आणि सागरी गवतात वाढतात, मग प्रवाळाकडे येतात. ही मात्र एकदा प्रवाळात शिरली की तिथलीच होते. दिवसभर कपारीत, रात्री चरायला बाहेर. उलटं लटकणं ही तर तिची ओळखच. मीही पहिल्यांदा तिला अशीच पाहिली, आधी फक्त मिशा दिसल्या होत्या.

त्या मिशांना कमी लेखू नका. जाड, काटेरी, शत्रूला ढोसायला आणि अडवायला त्याच कामी येतात. अगदीच गळ्याशी आलं तर शेपूट पोटाखाली झटकन दुमडून ती मागच्या मागे उसळते.

शेवंडींच्या या कुळात आवाज करण्याचीही एक युक्ती आहे. मिशीच्या बुडाचा मऊ भाग डोळ्याखालच्या पट्टीवर अडखळत घसरतो, सारंगीच्या तारेवर गज फिरावा तसा, आणि करकर उमटते. जीवशास्त्रज्ञ शीला पटेक यांनी २००१ मध्ये हे दाखवून दिलं. रातकिडा कडक भागावर कडक भाग घासतो. इथे घासणारा भाग मऊ, म्हणून कात टाकल्यावर कवच लुसलुशीत असतानाही, म्हणजे सगळ्यात धोक्याच्या दिवसांत, तिचा आवाज शाबूत राहतो. मला या प्राण्यातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

अंड्यांतून निघणारी पोरं आईसारखी मुळीच नसतात. पानासारखी चपटी, काचेसारखी पारदर्शक. कित्येक महिने खुल्या समुद्रात वाहत राहतात, रूप बदलतात आणि मग प्रवाळ गाठतात.

पुन्हा अशी मादी दिसली तर विजेरी थेट तिच्यावर रोखू नका. दाण्यांचा रंग तेवढा पाहा: नारिंगी म्हणजे अंडी ताजी, तपकिरी म्हणजे पोरं निघायच्या बेतात.